अक्काची तसबीर, माझा चेहरा

माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची, एक मोठी तैलरंगातली तसबीर सोलापुरात सात रस्त्याजवळ तिच्या सासरच्या घरात होती. शालू तिचा, नथ तिची, पाटल्या तिच्या. चेहरा मात्र माझा. तसबीर काढली तेव्हा अक्का या जगात नव्हती, आणि मला नुकतं सोळावं लागलं होतं. ही हकिगत कुणाला सांगितली की ऐकणाऱ्याला गंमत वाटते. मला ती कधीच वाटली नाही.

अक्का दुसऱ्या बाळंतपणात गेली. बाळही गेलं. मागे राहिली तीन वर्षांची मुलगी. तेराव्याच्या पंक्तीतच बायका कुजबुजायला लागल्या, की पोरीला मावशीइतकी माया दुसरं कोण लावणार? त्या वर्षी हे वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकलं की माया या शब्दाचीच मला शिसारी आली. कारण मला ती पोर खरंच हवी होती. आमच्याकडे आली की रात्री माझ्याच कुशीत यायची, माझ्याच हातून जेवायची. पण तिच्यासाठी मला तिच्या बापाशी लग्न करावं लागणार होतं, आणि ते मला मेले तरी नको होतं.

भावजी वकील होते. दिसायला देखणे, वागायला अदबशीर. घरात त्यांचा आवाज कुणी चढलेला ऐकला नाही. माझे वडील, म्हणजे आमचे अण्णा, शाळेत इंग्रजी शिकवायचे. कोर्टात इंग्रजीतून भांडणारा माणूस आपला जावई आहे याचं त्यांना भारी अप्रूप. "माणूस असावा तर असा शांत," असं म्हणायचे. शांत माणसाची मला आजही धास्ती वाटते. कुणी फार शांतपणे बोलायला लागलं की मी आधी त्याचे हात बघते.

याला कारण आहे. अक्का असताना एकदा उन्हाळ्यात मी तिच्याकडे राहायला गेले होते. संध्याकाळी माडीवर आम्ही दोघी हसत बसलो होतो. अक्का खळखळून हसायची, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तेवढ्यात भावजी आले. कपाटावरचा कसलासा कागद जागेवर नव्हता. ते काही बोलले नाहीत. बोटातली पुष्कराजाची अंगठी काढली आणि कोनाड्यात ठेवली, एवढंच. अक्काच्या चेहऱ्यावरचं हसू होतं तसंच राहिलं. ओठ हसरे, आणि डोळे तेवढे उतरून त्यांच्या हातांवर गेले. मला म्हणाली, "जा गं, खाली सासूबाईंना वाती वळू लाग." मी गेले. सकाळी पाहते तर अक्का दोन्ही खांद्यांवरून घट्ट पदर घेऊन बसलेली, सोलापूरच्या वैशाखात.

घरी आल्यावर मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "अंगठी काढली तर काय झालं? जेवणाआधी काढतात माणसं." मी म्हटलं, जेवायला अवकाश होता. त्यावर आईने मला भांडी घासायला बसवलं. अण्णांशी असल्या गोष्टी बोलायची आमच्या घरात रीत नव्हती. बापाला मुलीने फार तर शाईची दौत कुठे आहे ते सांगायचं.

तसबिरीची कल्पना अक्काच्या सासूबाईंची. त्या माहेरच्या मैंदर्गीच्या. बोलण्यात कानडी हेल होता, आणि जीव तसा वाईट नव्हता. अक्का अहेव गेली, कपाळी कुंकू असताना, म्हणजे तिचा मान मोठा. तिची तसबीर दिवाणखान्यात लागल्याशिवाय, तिच्या नावाने सवाष्ण जेवल्याशिवाय घरात दुसरी आणायची नाही, असा त्यांचा हुकूम. शिवाय दुसरीच्या गळ्यात सवतीचा टाक घालायचा, पहिलीची मूर्ती कोरलेलं चांदीचं पान, म्हणजे पहिलीचा जीव तळमळत नाही. सोनाराला सांगूनही झालं होतं. माझ्या गळ्यात माझीच बहीण बांधायची आणि तिच्या नवऱ्याच्या घरात मला सोडायचं, असा तो बेत. तसबीर झाली की महिन्याच्या आत लग्न. तेव्हा ती तसबीर होऊ नये, एवढी एकच प्रार्थना मी त्या दिवसांत करत होते.

अडचण अशी की अक्काचा धड फोटो नव्हता. लग्नातला एक होता. त्यात भावजी खुर्चीवर ऐटीत बसलेले, बाजूला अक्का उभी. नेमकी ती हलली होती. शालूची बुट्टी न् बुट्टी स्पष्ट, आणि चेहऱ्याच्या जागी धूर. तसबिरीसाठी बोलावलेल्या पेंटरने फोटो उजेडात धरला आणि भावजींना म्हणाला, "यावरून मी फक्त शालू काढू शकतो. हिला सख्खी बहीण आहे का?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघी नाकीडोळी इतक्या सारख्या होतो की लांबून आईसुद्धा फसायची. जिला सवत म्हणून आणायची तिलाच पहिलीच्या जागी बसवून पहिलीची तसबीर काढायची, हे आमच्याच माणसांना सुचावं. कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट, खर्च तोच आणि चेहरा घरचा, याचा आनंद झाला.

पेंटर मुंबईच्या चित्रशाळेत शिकून आलेला होता. कुठल्याशा संस्थानात त्याने राजेलोकांच्या तसबिरी काढल्या होत्या, आणि सोलापुरात येऊन आपण मातीत पडलो अशी त्याची तक्रार होती. "इथल्या लोकांना फेटा कळतो," तो म्हणायचा, "शालूचे काठ कळतात, दागिन्यांची चमक कळते. चेहरा कुणाला हवाय? गोरा केला की झालं." बोलता बोलता ब्रश झटकायचा आणि रंग सासूबाईंच्या भिंतीवर उडायचा.

बैठका सकाळच्या, माडीवर. गिरणीचा भोंगा झाला की आम्ही घरून निघायचो. सासूबाई स्वतः मला अक्काचा शालू नेसवायच्या. त्याला अजून तिचा वास होता, वेलदोड्याचा आणि तिच्या घामाचा. नथ घातली की त्या तोंड फिरवायच्या. मंगळसूत्र तेवढं घातलं नाही. कुवार पोरीच्या गळ्यात ते कसं घालायचं? ते तबकात माझ्यासमोर ठेवायचे, पेंटर बघून काढायचा. मी एकटी नको म्हणून अण्णा बरोबर यायचे. ते माझ्या पाठीमागे, भिंतीशी, वर्तमानपत्र घेऊन बसत. माझा चेहरा त्यांना दिसत नसे, माझा अंबाडा तेवढा दिसे. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे त्याचाच प्रश्न आला.

पहिले काही दिवस मी दगड होऊन बसले. ठरवूनच. काही आठवायचं नाही, काही मनात आणायचं नाही. समोरच्या भिंतीवरचे रंगाचे ठिपके मोजत बसायचं. पेंटर काढायचा, मागे सरून बघायचा, आणि टर्पेंटाइनच्या फडक्याने सगळा चेहरा पुसून टाकायचा. एकदा वैतागून म्हणाला, "म्हशीच्या नाकात नथ घातल्यासारखी दिसतेय ही. मास्तर, तुमची मुलगी घरीही अशीच असते का?" अण्णा ओशाळून म्हणाले, "घरी फार बडबडते हो." मला मनातून उकळ्या फुटत होत्या. कॅनव्हासवर नऊवारी शालू तयार, हात तयार, आणि मान संपली की वर नुसता फिकट डाग. मी म्हटलं, असंच चाललं तर हा माणूस कंटाळून मुंबईला निघून जाईल आणि माझी सुटका होईल.

मग कोर्टाला सुट्टी लागली आणि भावजी घरी राहायला लागले.

पहिल्या दिवशी ते न बोलता माडीवर आले आणि पेंटरच्या मागे उभे राहिले. म्हणजे बरोबर माझ्यासमोर. म्हणाले, "हनुवटी जरा वर." बस्स, एवढंच, मऊ आवाजात. माझ्या चेहऱ्याचं काय झालं ते मला कळलं नाही. आरसा नव्हता समोर. पण नजर आपोआप त्यांच्या हातांवर गेली. पेंटर एकदम ओरडला, "हां, हेच. हलू नकोस. वकीलसाहेब, आपण जरा तिथेच थांबा."

त्या दिवशी त्याने चेहरा पुसला नाही.

दुसऱ्या दिवसापासून तो वर आला की आधी निरोप पाठवायचा, वकीलसाहेबांना वर येऊ द्या, त्याशिवाय चेहऱ्यात जीव येत नाही. ही गोष्ट घरभर झाली. पाणी भरणारी बाई घागर उतरवताना सासूबाईंना म्हणाली, "लई लाजत्यात ताई. नवरा म्होरं आला की कसं त्वांड बदलतंय बघा की." सासूबाई हसल्या. घरी ऐकून माझी आईही हसली. जिन्यात मला बघून बायका एकमेकींना कोपरं मारायच्या. एकदा तर अण्णाही पेपराआड हसले, आणि त्यांचं ते हसू मला सगळ्यांत जास्त लागलं. मी भीतीने गोठत होते आणि सगळं गाव माझ्या लाजेचं कौतुक करत होतं. ओरडून सांगावं तर काय सांगणार? भावजींनी मला बोटही लावलं नव्हतं.

पेंटरला मात्र ती लाज आहे असं वाटलं नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. लाजणाऱ्या मुली त्याने पुष्कळ काढल्या असतील. तो माझ्याकडे बघायचा, मग वळून भावजींच्या हातांकडे बघायचा, मग पुन्हा माझ्याकडे. त्याला कळलं होतं. कळूनही तो म्हणायचा, "वकीलसाहेब, अजून थोडा वेळ." त्याला चेहरा हवा होता, मी नको होते. त्या माणसाच्या हातात कला होती हे मी नाकारत नाही, पण त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

शेवटाकडची एक बैठक आठवली की आजही अंगावर काटा येतो. पोर मला शोधत धावत माडीवर आली. खिदळत होती. तिचा पाय लागून जवसाच्या तेलाची बाटली कलंडली आणि तेल सतरंजीवर पसरलं. भावजींनी अंगठी काढली आणि खिडकीच्या फळीवर ठेवली. पोरीचं हसू थांबलं नाही, ते चेहऱ्यावर चिकटून राहिलं. ओठ हसरे, आणि डोळे बापाच्या हाताकडे. मी खुर्चीचे हात इतके घट्ट धरले की नखं दुखली. भावजींनी तिला अलगद उचललं आणि खाली नेलं. मी कान लावून बसले होते. खालून रडण्याचा आवाज आला नाही. एवढीशी पोर, आणि तिला न रडायचं शिकवून झालं होतं. पेंटर झपाझप ब्रश चालवत होता.

परत येताना टांग्यात अण्णा म्हणाले, "काय संयम आहे माणसाचा. दुसऱ्या कुणी आकांडतांडव केलं असतं." मी धीर करून म्हटलं, "अण्णा, ते अंगठी काढतात."

"मग?"

"काढतात आणि बाजूला ठेवतात."

अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मला ऊन लागलं असावं. म्हणाले, "आता एक-दोन बैठका राहिल्यात, बाळ. दम धर." पुढचं बोलायला माझ्याजवळ पुरावा नव्हता, आणि अण्णांच्या लेखी वकिलापुढे पुराव्याशिवाय बोलणं म्हणजे वेडेपणा.

तसबीर पुरी झाली. दाखवायला अण्णांना, आईला आणि मला बोलावलं. मी दाराशी पोरीला कडेवर घेऊन उभी होते. पेंटरने वरची चादर ओढली.

शालू झळझळत होता, मोत्यांवर उजेड पडला होता, आणि त्या सगळ्या थाटाच्या वर एक बाई बसली होती, जी हसत होती आणि जिचे डोळे हसत नव्हते. ते बघणाऱ्याच्या तोंडाकडे नव्हतेच. ते खाली होते, जिथे समोरच्याचे हात असतील तिथे. मी तिला बघितलं आणि माझी मी राहिले नाही. ही मी नव्हे, अक्काच. तिला कधी न बघितलेल्या माणसाने तिला बरोबर काढलं होतं.

आधी सासूबाई रडायला लागल्या. पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "हुबेहूब तीच की. अश्शीच बघायची बघा."

भावजी म्हणाले, "डोळे बदला. समोर बघू द्या. दिवाणखान्यात लावायची आहे."

पेंटरचं तोंड लाल झालं. "डोळे बदलणार नाही. बाकी काय सांगाल ते बदलतो. हे मी मनचं काढलेलं नाही. तुम्ही समोर उभे असलात की मुलीचा चेहरा असा होतो, गेलात की होत नाही. म्हणून तर तुम्हाला रोज उभं केलं. मास्तर मागे बसले होते, विचारा त्यांना."

अण्णा मागे बसले होते, पण त्यांना दिसला होता तो माझा अंबाडा. ते उठले. चष्मा पुसला, तसबिरीजवळ गेले, आणि शाळेतला मुलगा फळ्यावरचं वाचतो तसे जवळून बघत राहिले. मग सासूबाईंकडे वळून अगदी साध्या आवाजात विचारलं, "कधी बघायची अशी?"

"कधी म्हणजे? नेहमीच की. हा घरात असला म्हणजे."

"आमच्या घरी नव्हती बघत," अण्णा म्हणाले.

भावजी हसले. म्हणाले, माहेरी मुली जरा मोकळ्या असतात. अण्णांनी मान हलवली, पण हो म्हटलं नाही. लग्नाआधी चार दिवस पोरीला आमच्याकडे द्या म्हणाले, तिला मावशीची सवय आहे. सासूबाईंनी लगेच तिचं गाठोडं बांधलं. मुलगा असता तर दिला नसता.

मला वाटलं होतं घरी येताच अण्णा तोंड उघडतील. ते काही बोललेच नाहीत. आईने लग्नाच्या शेवया वळायला घेतल्या, अंगणात पाटावर कुरडया वाळत पडल्या, सोनाराचा निरोप आला की टाक तयार आहे. रोज सकाळी मी अण्णांच्या तोंडाकडे बघायची आणि अण्णा पुस्तकाकडे. एकदा स्वयंपाकघरात ते आईला म्हणत होते, "नुसत्या चित्रावरून लग्न मोडायचं म्हणजे लोक तोंडात शेण घालतील. पेंटर लोकांचा काय भरवसा, काहीही रंगवतात." आई म्हणाली, "तेच तर मी म्हणते." मी माजघरात दळण निवडत होते. माझ्या हातातल्या ज्वारीतले खडे मला दिसेनासे झाले. अण्णांना दिसलं होतं, हे मला माहीत होतं. आणि दिसलेलं ते आता पुसायला बघत होते, त्या पेंटरच्या फडक्याने पुसावं तसं.

दुसऱ्या दिवशी अण्णा शाळेला निघाले. उशीर झाला होता. कोट अंगात घालत ते दाराजवळच्या खुंटीकडे गेले. पोर खाली त्यांच्या पायाशी उभी होती. मुठीत शेंगदाणे होते, ते त्यांना देण्यासाठी ती खिदळत मूठ वर करत होती. अण्णांनी खुंटीवरची टोपी काढायला घाईने हात वर नेला.

पोरीचं खिदळणं बंद झालं. हसू चेहऱ्यावर तसंच होतं. मूठ हळूच खाली आली आणि दाणे जमिनीवर सांडले. ती त्यांच्या वर गेलेल्या हाताकडे बघत होती आणि भिंतीला पाठ लागेपर्यंत एक एक पाऊल मागे सरकत होती.

अण्णांचा हात खुंटीवरच राहिला. त्यांनी तिच्याकडे बघितलं, आणि मी त्यांच्याकडे. माझ्या वडिलांचा चेहरा असा मी त्याआधी कधी बघितला नव्हता, पुढेही बघितला नाही. हात त्यांनी खाली घेतला तो अगदी हळू, जसं काही हातात भरलेलं भांडं आहे.

मग स्वयंपाकघराकडे न वळताच ते आईला म्हणाले, "शेवया ठेवून दे. हे लग्न होणार नाही. आणि ही पोर परत जाणार नाही." आई पिठाच्या हातांनी बाहेर आली आणि त्यांना बघून दारातच थांबली.

अण्णा शाळेत गेले नाहीत. कोट घातलेलाच होता, तसेच ते जमिनीवर, त्या सांडलेल्या दाण्यांत बसले. दोन्ही हात त्यांनी मांडीखाली घातले, दिसणार नाहीत असे, आणि पोरीकडे बघत बसून राहिले. ती भिंतीला चिकटून उभी होती. ती त्यांच्याजवळ यायला फार वेळ लागला.